विंच किती टनाचा ते नंतर, बसवायचा कुठे ते आधी!

(सभासद व ऊस वाहतूकदार यांच्या माहितीसाठी)



गाळप हंगामाची सुरुवात आणि परतीचा पाऊस यांची गाठ आपल्याला नवी नाही. २०१९ साली ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला आणि मागाहून पाऊसही लांबला. नदीकाठच्या काळ्या रानांना वाफसा यायला त्या वर्षी किती दिवस लागले, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. अशा वर्षी फडाला कोयता लागतो, टोळी दिवसभर राबून ट्रॉली भरते, आणि भरलेली ट्रॉली बांधाच्या अलीकडेच बसते. मग ओढाओढ सुरू होते. एका ट्रॅक्टरला दुसरा जोडायचा, दुसऱ्याला तिसरा. साखळी तुटते, ड्रॉबार वाकतो, सऱ्या मोडतात, खोडवा दबतो. रात्र होते आणि ऊस तिथेच राहतो.

तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा, हे शेतकी खाते आपल्याला दरवर्षी सांगते ते उगीच नाही. तोडल्यापासून ऊस सुकू लागतो आणि त्यातली साखर मोडू लागते. वजन घटले की त्या सभासदाचे नुकसान, आणि उतारा घटला की सगळ्याच सभासदांचे, कारण आपला दर उताऱ्याशी बांधलेला आहे.

म्हणून हल्ली पुष्कळ जण विंचची चौकशी करू लागले आहेत. विंच म्हणजे आडावरच्या रहाटाचाच मोठा भाऊ. ड्रमवर तारेचा दोर गुंडाळलेला असतो. ड्रम फिरवला की दोर आत येतो आणि दोराच्या टोकाला बांधलेली वस्तू ओढली जाते. दुकानात गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "किती टनाचा आहे?" प्रश्न चुकीचा नाही, पण तो दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की हा विंच मी कशावर आणि कुठे बसवणार? त्याचे उत्तर चुकले तर पाच टनाचा विंच दोन टनाचेही काम करत नाही, आणि वेळप्रसंगी माणसाच्या जिवावर उठतो.

ओढ लागते तरी किती?

रुतलेले वाहन काढण्यासाठी अमेरिकन लष्कराच्या पुस्तिकांत एक सोपा ठोकताळा दिलेला आहे. चाक तुंब्यापर्यंत रुतले तर वाहनाच्या एकूण वजनाइतकी ओढ धरावी. मडगार्डापर्यंत रुतले तर वजनाच्या दुप्पट. आणि चिखल त्याच्याही वर गेला तर तिप्पट.

आता हिशेब करू या. समजा ट्रॉलीत आठ टन ऊस आहे आणि ट्रॉलीचे स्वतःचे वजन दोन टन. चाके तुंब्यापर्यंत गेली तर दहा टनांची ओढ हवी. जीपला बसवतात ते विजेवरचे विंच बहुधा ९,५०० पौंडांचे, म्हणजे सव्वाचार टनांच्या आसपासचे असतात. ट्रॅक्टरच्या मागे बसणारे विंच साधारण तीन ते आठ टनांचे मिळतात. सरळ ओढून यातला एकही पुरत नाही.

यावरून दोन गोष्टी ठरतात. पहिली, आधी ट्रॉली हलकी करा. निम्मा ऊस उतरवला की दहाचे सहा टन झाले. टोळीला मोळ्या पुन्हा भरण्याचा कंटाळा येतो, तो रास्तच आहे. मुकादमाशी बोलून त्या जादा मेहनतीचे पैसे ठरवा. तुटलेल्या ड्रॉबारपेक्षा ते स्वस्त पडतात. चाकापुढची माती फावड्याने उतरती करा आणि खाली पाचट किंवा फळ्या घाला, म्हणजे ओढ आणखी कमी होते. दुसरी गोष्ट म्हणजे कप्पीचा उपयोग. तिच्याकडे पुढे येऊ.

ही ओढ जाते कुठे?

विंचने सहा टन ओढले म्हणजे विंच ज्यावर बसवला आहे त्यालाही सहाच टनांची ओढ उलट बाजूने बसते. ती ओढ विंचच्या बोल्टांतून बैठकीत जाते, बैठकीतून चासीत किंवा ट्रॅक्टरच्या अंगात, तिथून चाकांत आणि शेवटी जमिनीत. या वाटेवरची सर्वांत कच्ची जागा आधी सुटते. बोल्ट कच्चे तर बोल्ट कापले जातात. बैठक पातळ पत्र्याची तर ती पिळवटते. सगळे भक्कम पण जमीन निसरडी असेल, तर ट्रॅक्टरच ट्रॉलीकडे घसरत जातो. पंचेचाळीस-पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर स्वतः दोन-अडीच टनांचा. तो सहा टनांची ओढ नुसत्या ब्रेकवर कशी सोसणार?

तेव्हा जागा निवडताना या वाटेवरचा प्रत्येक दुवा तपासायचा. आता एकेक जागा पाहू.

जागा पहिली : जीपच्या पुढे, कायमची

रानात जीप किंवा चारही चाकांना ओढ असणारी गाडी वापरणाऱ्यांना ही जागा सोयीची. दोर समोर दिसतो, चालक बघत बघत ओढू शकतो, आणि स्वतःची गाडी रुतली तर पुढच्या झाडाला दोर बांधून बाहेर निघता येते.

बैठक मात्र बंपरला नव्हे, चासीच्या दोन्ही लांब चॅनेलना जोडलेली हवी. बंपर धक्का खाण्यासाठी असतो, ओढ खाण्यासाठी नव्हे. बोल्टची भोके चॅनेलच्या उभ्या पत्र्यात घ्यावीत. वरच्या-खालच्या पट्टीत भोक पाडले की चासी तिथेच कमजोर होते. गॅरेजवाला म्हणेल, "वेल्डिंग मारून देतो, काही होत नाही." मारू देऊ नका. चासीवर मन मानेल तिथे वेल्डिंग केले की बाजूचे पोलाद ठिसूळ होऊन पुढे तडा जातो. गाडीसाठी तयार मिळणारी, बोल्टने बसणारी बैठक घ्यावी.

या आकाराच्या बहुतेक विंचच्या चार भोकांचे माप ठरलेले आहे : २५४ मिलिमीटर बाय ११४.३ मिलिमीटर. बैठक घेताना हे माप जुळते का ते पाहा. बोल्ट विंचबरोबर आलेलेच वापरा. ते कमी पडले तर डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेले घ्या. हार्डवेअरच्या दुकानातले साधे बोल्ट इथे चालत नाहीत.

आणखी एक बारकावा. दोर ड्रमच्या खालच्या बाजूने सुटला पाहिजे, वरून नव्हे. वरून सुटला तर ओढ बैठकीच्या वर जाते आणि बोल्ट उपटू पाहते. शिवाय पुष्कळ विंचमधला ब्रेक एकाच दिशेने धरतो. दोर उलटा गुंडाळला तर ओझे धरले जात नाही.

या जागेचे तोटेही आहेत. विंच आणि बैठक मिळून बरेच वजन सतत पुढच्या पाट्यांवर बसते आणि रेडिएटरकडे जाणारा वारा थोडा अडतो. सर्वांत मोठा तोटा विजेचा. पूर्ण ओढीवर हा विंच चारशे अँपिअरच्या आसपास करंट खातो. इंजिन चालू ठेवून, थोडे ओढून, मोटर निवू देऊन पुन्हा ओढायचे असे काम आहे. जीप काढायला हा विंच उत्तम. भरल्या ट्रॉलीसाठी तो नाही, हे स्पष्ट लक्षात ठेवावे.

जागा दुसरी : ट्रॅक्टरच्या पुढे

काही जण पुढच्या वजनांच्या जागी विजेवरचा विंच बसवतात. दिसायला युक्ती चांगली. वजनही होते आणि विंचही होतो. पण ती जागा ओतीव लोखंडाची असते आणि टांगलेले वजन पेलण्यासाठी केलेली असते. ओतीव लोखंड दाब सोसते, झटका सोसत नाही. तिरकी ओढ बसली की वाकून इशारा देत नाही, एकदम फुटते. ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीने त्या जागी विंच चालतो असे लेखी दिले असेल तरच तिथे बसवावा. शिवाय ट्रॅक्टरचा अल्टरनेटर चारशे अँपिअरच्या जवळपासही पोचत नाही. सगळा भार बॅटरीवर येतो, आणि सकाळी ट्रॅक्टर धक्क्यावर सुरू करायची पाळी येते.

जागा तिसरी : ट्रॅक्टरच्या मागे, थ्री पॉइंट लिंकेजवर

आपल्या कामाला सर्वांत योग्य जागा हीच. नांगर जोडतो तसा विंच तीन ठिकाणी जोडायचा आणि पी.टी.ओ. शाफ्टने फिरवायचा. बॅटरीचा संबंध नाही. काम झाले की काढून ठेवला, ट्रॅक्टर मशागतीला मोकळा. युरोपातील डोंगराळ मुलखातले शेतकरी जंगलातले ओंडके ओढायला असेच विंच वापरतात.

या विंचला खाली रुंद पोलादी पाते असते. ओढायच्या आधी लिंकेज खाली सोडून हे पाते जमिनीत रुतवायचे. विंच ओढू लागला की पाते आणखी घट्ट बसते आणि ओढ ट्रॅक्टरच्या चाकांऐवजी थेट जमिनीत जाते. वर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हे पाते आहे. म्हणून पाते नसलेला विंच स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका, आणि पाते असलेला विंच हवेत उचललेला ठेवून कधीही ओढू नका.

हवेत ठेवल्यास काय होते? ट्रॅक्टरच्या मागच्या आसाच्या वरून ओढ बसली की ट्रॅक्टर पुढून उचलतो आणि मागे उलटतो. चालकाला क्लच दाबायलाही उसंत मिळत नाही. हॅरी फर्ग्युसन या आयरिश यंत्रज्ञाने १९२६ साली ज्या जोडणीचे पेटंट घेतले, तिच्यामागे हीच काळजी होती. नांगर दगडाला अडला की त्या काळचे ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटत. अवजार आणि ट्रॅक्टर तीन ठिकाणी जोडून एकजीव केल्यावर हा धोका पुष्कळ कमी झाला. तीच जोडणी आज आपल्या प्रत्येक ट्रॅक्टरला आहे. पण तिचा फायदा ओढ खाली असेपर्यंतच. टॉप लिंकच्या खिट्टीला साखळी अडकवून ट्रॉली ओढायची सवय आपल्याकडे आहे. ती मोडली पाहिजे. ओढायचे ते ड्रॉबारला अडकवून, नाहीतर पाते टेकवलेल्या विंचने.

ओढताना ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावलेला, आणि तोंड ट्रॉलीच्या अगदी विरुद्ध दिशेला असावे. दोर फार तिरका गेला तर ट्रॅक्टर आडवा कलंडतो. ट्रॅक्टर उभा करायचा तो घट्ट जागेवर : पाणंदीवर, बांधापलीकडच्या मुरमाड पट्ट्यावर, जिथे टाच मारली तर रुतत नाही तिथे. विंचचा मोठा गुण हाच, की ओढणाऱ्याला चिखलात उतरावे लागत नाही. पन्नास मीटर दोर असेल तर ट्रॅक्टर पन्नास मीटर लांब कोरड्यात उभा करता येतो.

पी.टी.ओ. शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. हंगाम थंडीचा, गळ्यात मफलर, खांद्यावर टॉवेल, बायांचा पदर. शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे आवरण तुटले असेल तर आधी ते बदला, मग विंच जोडा.

जागा चौथी : काढघाल करता येणारी बैठक

जीपच्या पुढे आणि मागे चासीला चौकोनी पोलादी नळी पक्की करायची, आणि विंच बसवलेला पाळणा पाहिजे त्या बाजूच्या नळीत घालून खिट्टी मारायची, असाही प्रकार आहे. एकच विंच दोन्ही बाजूंना चालतो आणि एरवी घरी राहतो, त्यामुळे चोरीची व चिखलाची भीती नाही. पण सगळी ओढ एका खिट्टीवर येते. सरळ ओढीला ठीक. तिरक्या ओढीला नळी पिळवटते. विंच आणि पाळणा उचलायला दोन माणसे लागतात, हेही धरून चला. नळी, पाळणा आणि खिट्टी या तिघांपैकी ज्याची क्षमता कमी, तीच साऱ्या जोडणीची क्षमता समजावी.

कप्पी म्हणजे दुसरा विंच

उघडता येणारी पोलादी कप्पी ट्रॉलीला अडकवायची, विंचचा दोर तिच्यातून फिरवून परत आणायचा आणि टोक पक्क्या जागी बांधायचे. ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि वेग निम्मा होतो. आपल्या उदाहरणात सहा टनांची ट्रॉली आता तीन-साडेतीन टनांच्या ओढीने निघते. पाच टनाचा विंच हे काम सुखाने करतो.

दोराचे परतलेले टोक कुठे बांधायचे याचा विचार करा. ते त्याच ट्रॅक्टरला बांधले तर ट्रॅक्टरवर दोन्ही दोरांची मिळून सहा टनांची ओढ येते. ते शेजारच्या झाडाला किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरच्या ड्रॉबारला बांधले तर भार वाटला जातो. झाडाला रुंद पट्टा वापरा. तार किंवा साखळी सालीत घुसते आणि झाड मरते. झाडच नसेल तर घट्ट जमिनीत कमरेएवढा आडवा चर खणून त्यात जाड ओंडका पुरावा, त्याच्या मध्याला साखळी बांधून ती तिरक्या चरातून वर आणावी. हा खुंटा चांगली ओढ सोसतो. ओल्या काळ्या मातीत मात्र तो उपटून येतो.

ट्रॉलीला हूक अडकवताना साट्याला किंवा फाळक्याला नव्हे, चासीच्या दोन्ही बाजूंना साखळी घेऊन मध्यावर अडकवा. म्हणजे ट्रॉली सरळ येते, आडवी होत नाही.

आणखी एक हिशेब. विंचवर लिहिलेली ताकद ड्रमवरच्या पहिल्या थराची असते. दोराचे थर चढले की ड्रम जाड होतो आणि ओढ कमी होते. चौथ्या थरावर ती पहिल्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास उरते. म्हणून शक्य तितका दोर बाहेर काढून ओढा. मात्र पोलादी दोराचे निदान पाच वेढे ड्रमवर राहू द्या, नाहीतर सगळी ओढ दोराच्या टोकाच्या बारीक स्क्रूवर येते.

दोर तुटतो तेव्हा

ताणलेला पोलादी दोर तुटला तर तो खाली पडत नाही, चाबकासारखा परततो. पाय तोडतो, डोके फोडतो. रुतलेली ट्रॉली म्हणजे गावाला तमाशा. लहान मुले हटकून जमतात. दोराची जेवढी लांबी, त्याच्या दीडपट अंतरापर्यंत कोणालाही उभे राहू देऊ नका. ताणलेला दोर ओलांडायचा नाही. दोराच्या मध्यावर ओले पोते किंवा जड घोंगडे टाका; तुटलाच तर त्याचा झपाटा कमी होतो. हातात चामड्याचे मोजे घाला. इशारा करणारा माणूस एकच असावा. दहा जण ओरडू लागले की चालक अकराव्याचे ऐकतो.

दोराला फासा करताना तीन क्लॅम्प लावा. क्लॅम्पची खोबणीची बाजू ओढ घेणाऱ्या लांब दोरावर आणि यू बोल्ट मोकळ्या टोकावर. उलटे लावले तर यू बोल्ट कामाचाच दोर चेपतो. ज्या दोराच्या तारा उसवल्या आहेत किंवा ज्याला एकदा गाठ-मुरड बसली आहे, तो शेळ्या बांधायला वापरा, ट्रॉली ओढायला नको. हल्ली कृत्रिम धाग्याचे दोर मिळतात. ते हलके असतात आणि तुटल्यावर कमी झपाट्याने परततात, पण चिखल-वाळूत घासून आणि उन्हात लवकर खराब होतात.

कायद्याचे काय?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी न जुळणारा बदल वाहनात करता येत नाही. गाडीपुढे लावायच्या लोखंडी गार्डविरुद्ध केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले आहे. एअरबॅग असलेल्या गाड्यांत अशा जोडणीने एअरबॅग वेळेवर न उघडण्याचा धोका असतो. म्हणून जीपला कायमचा विंच बसवण्यापूर्वी आर.टी.ओ. कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. ट्रॅक्टरमागे अवजारासारखा जोडून काम झाल्यावर काढून ठेवण्याचा विंच या दृष्टीनेही सुटसुटीत आहे.

मग निवड कोणती?

ज्यांना फक्त स्वतःची जीप रानातून काढायची आहे त्यांनी चासीला बोल्टने पक्का केलेला पुढचा विंच घ्यावा. त्याची क्षमता भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट असावी. ट्रॉल्या काढायच्या असतील तर थ्री पॉइंटवरचा, पी.टी.ओ.ने चालणारा, पाते असलेला विंच आणि त्याच्या जोडीला एक चांगली कप्पी घ्यावी. हे एकट्याने घ्यायचे साधन नाही. एका शिवारातल्या आठ-दहा सभासदांनी आणि दोन-तीन वाहतूकदारांनी मिळून एक घेतले तरी सगळ्यांचे भागते. त्यात तो कोणाच्या वस्तीवर राहणार, दुरुस्ती कोण करणार आणि चालवणार कोण, हे आधीच वहीत लिहून ठेवावे. चालवणारी माणसे दोनच ठरवा, आणि त्यांना हंगामाआधी कोरड्या रानात रिकाम्या ट्रॉलीवर सराव करू द्या.

मोळी टाकण्याच्या आधी पंधरा दिवस बैठकीचे बोल्ट आवळून पाहा, दोर पूर्ण उलगडून हातात मोजे घालून तपासा, शाफ्टचे आवरण पाहा, कप्पीला ग्रीस द्या. आणि ट्रॉली बसली की पहिल्यांदा ओढायला धावू नका. आधी ऊस उतरवा, मग माती काढा, मग माणसे लांब करा आणि शेवटी विंचला हात लावा. एवढा क्रम पाळला तर रुतलेला ऊस त्याच दिवशी काट्यावर येईल आणि टोळीतली सगळी माणसे धडधाकट कोपीवर परततील.